लेवी स्ट्रॉस : फेरीवाल्याच्या मुलाची पेढी

कोकणात बेने इस्राएलांना शनवार तेली म्हणत. ते घाण्यावर तेल काढीत आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत. गावाला तेलाची गरज असे. तेल्याला बी विकत घ्यावे लागे, बैल पोसावा लागे. तेल विकून आलेल्या पैशांतून हा खर्च वजा जाता जे उरे, तो नफा. त्यावर घर चाले आणि पुढच्या हंगामाचे बी येई. व्यवसाय म्हणजे मुळात एवढेच. लोकांची गरज ओळखावी, ती प्रामाणिकपणे भागवावी आणि उद्या पुन्हा भागवता येईल इतका नफा ठेवावा. अमेरिकेत हेच काम मोठ्या प्रमाणावर करणारे एक यहुदी गृहस्थ होऊन गेले. त्यांचे नाव आजही लाखो विजारींवर शिवलेले असते.

लेवी स्ट्रॉस यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८२९ रोजी बव्हेरियातील बुटेनहाइम या खेड्यात झाला. त्यांचे पाळण्यातले नाव लोब. वडील हिर्श हे कापडचोपड विकणारे फेरीवाले होते. त्या राज्यात कोणत्या गावी यहुद्यांची किती घरे असावीत हे कायद्याने ठरलेले असे, आणि लग्न करून वेगळे बिऱ्हाड मांडायलाही परवानगी लागे. वडील क्षयाने वारले, तेव्हा लेवी ऐन तारुण्यातही नव्हते. आई रिबेका त्यांना आणि दोन मुलींना घेऊन १८४७ साली न्यूयॉर्कला निघाल्या. तेथे लेवींचे सावत्र भाऊ जोनास आणि लुई यांचा कापडाचा घाऊक व्यापार होता. लेवींनी धंद्याचे पहिले धडे तेथेच घेतले.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि देशोदेशीचे लोक तिकडे धावले. लेवी जानेवारी १८५३ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले आणि मार्च महिन्यात समुद्रमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. ते सोने खणायला गेले नाहीत. खणणाऱ्या माणसालाही सदरा, चादर, हातरुमाल, सुईदोरा लागतो, हे त्यांनी जाणले होते. न्यूयॉर्कचे भाऊ जहाजाने माल पाठवीत आणि लेवी तो लहान दुकानदारांना घाऊक भावाने विकीत. पुढे बहीण फॅनी आणि तिचे यजमान डेव्हिड स्टर्न हेही धंद्यात आले. १८६३ साली पेढीला लेवी स्ट्रॉस आणि कंपनी हे नाव मिळाले. लेवींनी खाणीत तंबूच्या कापडाच्या विजारी स्वतः शिवून विकल्या, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती खरी नाही. ते शिंपी नव्हते, व्यापारी होते. त्यांची विजार वीस वर्षांनी आली, आणि तिची युक्ती दुसऱ्याच माणसाची होती.

तो माणूस म्हणजे नेवाडा राज्यातील रीनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस. ते मूळ रीगाचे यहुदी. लेवींच्या पेढीकडून ते कापड घेत. १८७०च्या अखेरीस एक बाई त्यांच्याकडे आली. तिच्या मजूर नवऱ्याच्या विजारी सारख्या फाटत. डेव्हिस घोड्यांच्या झुलींवर पट्टे बसवताना तांब्याचे रिव्हेट वापरीत. तेच त्यांनी विजारीच्या खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. किंमत घेतली ३ डॉलर. विजार टिकली, बातमी पसरली आणि मागणी वाढत गेली. आता कोणीही नक्कल करील, ही भीती होती. पेटंट घ्यायचे, तर ६८ डॉलर फी भरायला हवी होती. १८७२ साली डेव्हिस यांनी आपल्या कापड व्यापाऱ्याला पत्र लिहिले, सोबत दोन विजारी नमुन्यादाखल पाठवल्या आणि भागीदारी सुचवली.

येथे लेवींचा खरा स्वभाव दिसतो. युक्ती हातात आली होती आणि पैसाही त्यांच्याकडे होता. लहान गावातल्या शिंप्याला बाजूला सारणे अवघड नव्हते. पण त्यांनी भागीदारी मान्य केली. २० मे १८७३ रोजी १३९१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यात जेकब डेव्हिस यांचे नाव शोध लावणारे म्हणून आहे. डेव्हिस सॅन फ्रान्सिस्कोला राहायला आले आणि शिवणकामावर देखरेख करू लागले. आरंभी शिंपिणी घरी बसून विजारी शिवीत, पुढे कारखाना निघाला. डेनिमचे कापड न्यू हॅम्पशायरच्या अमोस्केग गिरणीतून येई. एकाकडे युक्ती होती, दुसऱ्याकडे भांडवल आणि पत. दोन्ही जुळल्यावर धंदा उभा राहिला.

अशा जाड कापडाला इंग्रजीत डंगरी असेही नाव आहे. तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला असे मानतात. इस्राएल मोहल्ल्यात वाढलेल्यांना ही डोंगरी चांगलीच ठाऊक आहे.

पेटंट कायमचे नसते. १८९० साली त्याची मुदत संपली आणि रिव्हेट लावायला सगळे मोकळे झाले. तरी गिऱ्हाईक टिकले. त्याची तयारी आधीच झालेली होती. १८८६ पासून विजारीच्या कमरेवर चामड्याचा तुकडा लावला जाई. दोन घोडे विजार दोन बाजूंना ओढताहेत आणि ती फाटत नाही, असे चित्र त्यावर होते. ज्याला वाचता येत नसे, त्यालाही माल ओळखता येई. कायद्याने दिलेला हक्क गेला, पण मालाने मिळवलेले नाव राहिले.

या चरित्रातली एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळी कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध मोठा रोष होता आणि १८८२ साली त्यांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. या पेढीनेही आपला माल गोऱ्या कामगारांनी बनवला आहे अशी जाहिरात केली. गिऱ्हाइकाला हवे ते द्यावे, हा व्यापाराचा नियम. पण गिऱ्हाइकाच्या मनातला द्वेषही पुरवायचा काय? जेथे यहुद्यांची घरे मोजली जात, त्या गावातून आलेल्या माणसाच्या कारखान्यात हे घडले. कोकणातून आलेला सावळा माणूस त्या दारात उभा राहिला असता तर काय झाले असते, हे वाचकाने स्वतःशी विचारावे. एका बाबतीत चांगला असलेला माणूस दुसऱ्या बाबतीत उणा पडू शकतो.

लेवींनी लग्न केले नाही. बहिणीच्या कुटुंबात ते राहिले आणि भाच्यांना त्यांनी धंद्यात तयार केले. इमानुएल सिनेगॉगचे ते सभासद होते. तेथील धर्मवर्गातल्या उत्तम विद्यार्थ्याला दरवर्षी सुवर्णपदक मिळे, त्यासाठी ते पैसे देत. १८९७ साली त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्यांची सोय केली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर १९०२ रोजी ते वारले. अंत्यविधीच्या दिवशी शहरातील व्यापाऱ्यांनी आपले कामकाज थांबवले. मृत्युपत्रात यहुदी अनाथाश्रमाबरोबरच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अनाथाश्रमांनाही देणगी होती. पेढी चार भाच्यांकडे गेली. १९०६ सालच्या भूकंपात आणि आगीत पेढीची इमारत नष्ट झाली, तेव्हा भाच्यांनी कामगारांचे पगार चालू ठेवले आणि नुकसान झालेल्या दुकानदारांना उधारीची सवलत दिली. नफा कशासाठी साठवायचा, याचे उत्तर अशा दिवशी मिळते.

घाणा लहान असो वा कारखाना मोठा, हिशेब एकच आहे. कोणाची गरज भागली, त्यात कोणाचा वाटा होता आणि दाराबाहेर कोणाला ठेवले, हे तिन्ही त्यात मांडावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे : आडनावातल्या गावी आपल्या घराण्याचा घाणा होता काय, शेती होती काय, आणि तेथून मुंबईला आल्यावर चूल कशावर पेटली.