उलिसे आल्द्रोवांदी : सृष्टीचा संग्राहक

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या पाल्लाझ्झो पोज्जी संग्रहालयात प्राण्यांचे व जीवाश्मांचे जुने नमुने जतन केलेले आहेत. हा ठेवा मागे ठेवणारे उलिसे आल्द्रोवांदी यांचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म १५२२ साली बोलोन्यातच झाला. १५४९ मध्ये पाखंडी मताच्या संशयावरून त्यांना अटक करून रोमला नेण्यात आले. त्या संशयातून ते मुक्त झाले; परंतु रोमच्या वास्तव्यात राँडले नावाच्या वैद्यांच्या सहवासात मासे न्याहाळताना त्यांना सृष्टीच्या अभ्यासाची गोडी लागली ती कायमची. पुढे ते बोलोन्यात प्राध्यापक झाले आणि १५६८ मध्ये तेथे त्यांनी वनस्पती उद्यान उभारले.

१५७५ मध्ये एका औषधाच्या वादातून त्यांना पदांवरून दूर करण्यात आले. तेव्हा त्यांच्या मातुल घराण्यातील पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्यांची बाजू घेतली व ती पदे परत मिळवून दिली.

आयुष्यभर जमविलेला संग्रह आपल्यामागे विखुरला जाऊ नये म्हणून १६०३ मध्ये त्यांनी तो मृत्युपत्राद्वारे नगराच्या सिनेटला दिला. १६०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी वाळवून १५ खंडांत चिकटवलेल्या हजारो वनस्पतींवरून बोलोन्या परिसरातील झाडोरा पाच शतकांत किती पालटला, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी ताडून पाहिले.

ज्याच्या श्रद्धेवर एकदा संशय घेतला गेला, त्यानेच परमेश्वराच्या निर्मितीची नोंद पुढील पिढ्यांच्या हाती सोपवली. ती जपणे हे आपल्याकडे आलेले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.