पित्याच्या नावाने ओळखले गेलेले घराणे

बैतुल मुकद्दस परत मिळविणाऱ्या सुलतान सलाहुद्दीन यांचे नाव आपणांस ठाऊक आहेच. परंतु त्यांच्या घराण्यास 'अय्यूबी' का म्हणतात, याचा विचार आपण केला आहे काय? सुलतानांचे मूळ नाव यूसुफ. सलाहुद्दीन ही उपाधी. सल्तनत त्यांनी उभारली, पण ती ओळखली गेली पिता नजमुद्दीन अय्यूब यांच्या नावाने. आणि हे नाव मुळात सब्रसाठी सर्वश्रुत असलेल्या हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांचे.

नजमुद्दीन हे कुर्द वंशाचे, दजला नदीकाठच्या तिकरीतचे किल्लेदार. इ.स. ११३२ मध्ये पराभूत होऊन आलेल्या इमादुद्दीन जंगी यांना त्यांनी नदीपार होण्यास साहाय्य केले. पुढे त्यांचे बंधू शेरकोह यांच्या हातून एकाचा वध झाला आणि कुटुंबास तिकरीत सोडावे लागले. सलाहुद्दीन यांचा जन्म त्याच सुमाराचा. या निराश्रितांना आश्रय दिला तो जंगी यांनीच. पुढे बालबकचा कारभारही नजमुद्दीन यांच्याकडे सोपविला.

११६९ मध्ये सलाहुद्दीन मिस्रचे वजीर झाले. वडील तेथे पोहोचताच त्यांनी ते पद त्यांना देऊ केले, असे इतिहासकार सांगतात. पित्याने ते नाकारून खजिन्याची जबाबदारी तेवढी पत्करली. नूरुद्दीन जंगी यांच्याशी बेबनाव होण्याची वेळ आली, तेव्हा प्रतिकाराची भाषा करणाऱ्या आप्तास त्यांनीच भर सभेत गप्प केले. ११७३ मध्ये घोड्यावरून पडल्याने त्यांचे निधन झाले. पुत्राचा महान विजय त्यांनी पाहिला नाही.

तो दिवस उगवला २७ रजब ५८३ हिजरी, म्हणजे २ ऑक्टोबर ११८७ रोजी. ख्रिस्ती रहिवाशांच्या सुटकेसाठी पुरुषामागे १० व स्त्रीमागे ५ दीनार ठरले होते. ज्यांना ते देणे शक्य नव्हते, अशा अनेक वृद्धांना सुलतानांनी तसेच सोडून दिले. १०९९ मध्ये याच शहरात झालेल्या कत्तलीचा सूड त्यांनी घेतला नाही.

४ मार्च ११९३ रोजी दमास्कस येथे ते अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा त्यांच्या खासगी खजिन्यात एक दीनार व थोडे दिरहम एवढेच उरले होते.

वाचकहो, पुत्राने राज्य मिळविले. पण संकटात धीर, सत्तेत संयम आणि शब्दाला लगाम हे पित्याने आधी जगून दाखविले होते. आपली मुले उद्या आपले नाव सांगतील. त्या नावाबरोबर कोणते गुण त्यांच्या हाती पडतील, हे आज आपल्या घरात ठरत आहे.