तारांचा हट्टी बाप आणि आपलं इनॅमल

तुमच्या दातांवर ब्रेसेस असतील तर डॉक्टरकडच्या आपल्या फाइलमध्ये एकदा डोकावून बघा. ‘क्लास वन’, ‘क्लास टू’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, त्याची ही वर्गवारी. ती १८९९ मध्ये एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने मांडली. नावडे रोडला गाडीची वाट बघत, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या प्रत्येक तारावाल्याचं या माणसाशी नातं आहे.

अँगल १८५५ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मला, शेतकऱ्याच्या घरात. लहानपणापासून अवजारांत रमणारा. १८७८ मध्ये पदवी मिळाली, पण तब्येत साथ देईना. मोकळ्या हवेसाठी माँटानात जाऊन मेंढ्या पाळल्या. कडाक्याच्या हिवाळ्यात कळप गेला आणि स्वारी परत दातांकडे वळली. आपलं नशीब म्हणायचं, मेंढ्यांचं नाही!

तेव्हा दात सरळ करणं हे दंतवैद्याचं जोडकाम होतं. अँगलने त्याचं वेगळं शास्त्र केलं, १९०० मध्ये सेंट लुईसला त्याची शाळाही काढली. माणूस मात्र भयंकर हट्टी. जागा करायला चांगला दात उपटायचा, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. त्यावरून बरोबरीच्या डॉक्टरांशी त्याचं जोरात वाजलं. (पुढे त्याच्याच चार्ल्स ट्वीड या विद्यार्थ्याने काही रुग्णांचे दात काढावेच लागतात, हे दाखवलं.) एकामागून एक साधनं बनवत तो १९२० च्या दशकात ‘एजवाइज’ ब्रॅकेटपर्यंत पोचला. त्यातली खाच ०.०२२ बाय ०.०२८ इंच. हे माप आजही वापरात आहे. ११ ऑगस्ट १९३० ला तो गेला.

दात वाचवण्यासाठी भांडणाऱ्या या माणसाच्या तारांमुळे दाताचं कवच मात्र धोक्यात यायचं. त्या काळी ब्रॅकेट थेट दातावर चिकटत नसे. दाताभोवती धातूची पट्टी सिमेंटने बसवायची. सिमेंट झिजलं की पट्टीखाली अन्न आणि जंतू शिरायचे, आणि पट्टी निघाल्यावर खाली भुसभुशीत झालेलं इनॅमल दिसायचं. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोरने दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केलं की त्यावर प्लॅस्टिकसारखा पदार्थ पक्का धरतो. त्या वाटेने पुढे ब्रॅकेट नुसतं चिकटवता येऊ लागलं. पट्ट्या आता बहुतेक दाढांपुरत्याच उरल्यात.

कीटण मात्र गेलं नाही. ते आता ब्रॅकेटच्या कडेला बसतं. त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि इनॅमलमधलं कॅल्शियम विरघळू लागतं. महिन्याभरातही खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे गेलेला थर परत उगवत नाही. दोन वर्षं तारा सोसायच्या आणि शेवटी सरळ दातांवर पांढऱ्या चौकटी मिरवायच्या, हा सौदा कुणाला परवडेल?

म्हणून फ्लोराइडवाली पेस्ट, दिवसातून दोनदा, तारेच्या वरूनही आणि खालूनही. तारेखाली जाणारा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो घ्याच. कोल्ड्रिंक किती पिता यापेक्षा किती वेळा पिता हे जास्त नडतं. एक बाटली दुपारभर घोट घोट पुरवण्यापेक्षा जेवणासोबत संपवून टाका. वर पाण्याने चूळ भरा, पण ब्रशला अर्धा तास थांबा, कारण आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल घासलं की आणखी झिजतं. चिक्की आणि उसाचं करवं दाताने तोडायच्या भानगडीत पडू नका. ब्रॅकेट निघालंच तर ते घरी फेविक्विकने चिकटवू नका (हसू नका, लोक करतात).

आणि आज रात्री ब्रश झाल्यावर दात रुमालाने कोरडे करून, मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघा. ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधल्या जागेत मळकट पांढरं काही दिसलं तर डॉक्टरला याच भेटीत दाखवा, फ्लोराइड व्हार्निश लावायचं का विचारा. तारा काढायच्या दिवसापर्यंत थांबू नका.