घासातला घास

झेलम नदीचा काठ, कडाक्याची थंडी आणि अंगावर पुरेसे कपडेही नाहीत. विशीच्या आतली एक मुलगी आणि तिचा भाऊ वाळूत दोन खड्डे खणतात, त्यात उतरतात आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतात. तेवढीच ऊब! ही मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगभर ओळखली गेली. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्यावर चार ओळी वाचलेल्या असतात. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन. दोन मार्कांचा प्रश्न, संपला विषय. पण त्यांचं आयुष्य सलग वाचलं, की लक्षात येतं की त्याच्या मध्यभागी भूक आहे. आणि भूक भागल्यावर माणसाने काय करायचं, हा प्रश्न आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला फिरायचं. पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर जगायचं आणि दानधर्मही करायचा. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा जवळचं सगळं संपलं. शास्त्र येत होतं, पण मजुरी कधी केलेली नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. झाडाचा पाला आणि रानातली फळं खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं पायी देश फिरली. झेलमचा तो काठ याच वाटेवरचा.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली आणि चित्र पालटलं. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात मोडून. १८८२ मध्ये तेही गेले. वय चोवीसही नाही, पदरात छोटी मनोरमा. आपल्यातल्या कित्येकांचं या वयात पीजी पण पूर्ण झालेलं नसतं!

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देताना बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, शिक्षिका हव्यात असं ठासून सांगितलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठी खळबळ उडाली. तिकडे चर्चच्या मंडळींनाही त्या सोप्या गेल्या नाहीत, कारण पटल्याशिवाय कुठलीच गोष्ट मान्य करायची नाही हा त्यांचा स्वभाव. त्यांच्या मनाने धरलं ते एवढंच, की आपण वाचलो यात आपली हुशारी नाही. देवाने राखलं म्हणून वाचलो. मग ज्यासाठी राखलं, ते काम करायला हवं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. गावोगाव भाषणं दिली, इथल्या विधवांची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. आजच्या भाषेत हे क्राउडफंडिंगच. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची एक असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे तिचं महर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. त्याच आनंदीबाई कर्वे.

शारदा सदनात मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई प्रार्थना करायच्या त्या खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली तिथे जाऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये यावरून मोठा वाद पेटला. केसरीने टीका केली, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुलींना काढून नेलं. मदत घेताना दिलेलं आश्वासन आणि स्वतःची श्रद्धा यांत रमाबाईंची ओढाताण झाली, हे नाकारता येत नाही. पालकांची भीती त्या काळात समजण्यासारखी होती. रमाबाईंनी मात्र दार बंद केलं नाही आणि सदनही बंद केलं नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरतायत हे ऐकल्यावर रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या. हातात मोठा निधी नव्हता. बॉस्टनच्या दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. तरी सुमारे ३०० मुली आणि बायका त्या घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, त्यामुळे शहरात ठेवायची सोय नाही. सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला जमीन घेऊन ठेवली होती, तिथे सगळ्यांना नेलं. हेच मुक्ती सदन.

यानंतर रमाबाईंनी ठरवलं, की ठरलेल्या मदतीवर विसंबायचं नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली होती, तीही कुणाकडे पैसे न मागता, प्रार्थनेच्या भरवशावर. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. आज जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि आजच वाटून टाकायचं, असा हा हिशोब. ऐकायला भाबडा वाटतो ना? पण बाई भाबड्या नव्हत्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असं सगळं उभं केलं. प्रत्येक मुलीच्या हाताला काम यायलाच हवं, हा आग्रह. मजुरी येत नसली की दुष्काळात काय होतं, ते त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीची माणसं तिकडे गेली आणि आणखी शेकडो जणी आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. आधी आलेल्या मुली आता नव्यांना न्हाऊ-माखू घालत होत्या, शिकवत होत्या. ज्यांना घास मिळाला, त्यांच्याच हातून तो पुढे जात होता. अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली, म्हाताऱ्यांसाठी झाली, समाजाने टाकलेल्या बायकांसाठीही झाली.

रमाबाईंनी शेवटची बरीच वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. छापायचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या.

कृतज्ञता म्हटलं की आपल्याला पोस्ट टाकणं किंवा थँक्यू म्हणणं आठवतं. ख्रिस्ती घरात जेवणाआधी आभाराची प्रार्थना होते. रमाबाईंनी ती प्रार्थना ताटापाशी थांबू दिली नाही. श्रद्धा असो वा नसो, आपल्यालाही कुणाच्या तरी स्कॉलरशिपने, आईच्या डब्याने किंवा सीनियरने दिलेल्या नोट्सने इथवर आणलेलं असतं. त्याची फेड ज्याने दिलं त्यालाच करता येते असं नाही. ती पुढच्याला करता येते.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर वाटेत केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे आणि आजही तिथे निराधार बायका-मुलं राहतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी उतरून बघा.