नेपल्सचे संत आल्फोन्स लिगोरी

दक्षिण इटलीतील नेपल्स नगरीत जगभरातून प्रवासी येतात, ते तेथील पुरातन देवालये पाहण्यास आणि पिझ्झा चाखण्यास. युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या या जुन्या नगरातील एका देवालयाशी संत आल्फोन्स लिगोरी यांचे नाव जोडलेले आहे.

२७ सप्टेंबर १६९६ रोजी नेपल्सजवळील मारियानेल्ला येथे एका उमराव घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीच त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली. मात्र १७२३ साली एक मोठा खटला हरल्यावर त्यांनी वकिली सोडली. असाध्य रोग्यांच्या इस्पितळात सेवा करताना त्यांना देवाचे पाचारण जाणवले. तेथून उपरोक्त देवालयात जाऊन त्यांनी आपली तलवार पवित्र मरियेच्या चरणी ठेवली.

१७२६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. नगरातील गोरगरिबांसाठी त्यांनी सायंप्रार्थनेचे मेळावे सुरू केले. पुढे खेड्यापाड्यांतील उपेक्षितांसाठी १७३२ साली त्यांनी स्काला येथे रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापिला.

१७६२ साली ते सांत आगाता देई गोती धर्मप्रांताचे बिशप झाले. दोनच वर्षांनी भीषण दुष्काळ पडला. पावाच्या तुकड्यासाठी लोक व्याकूळ झाले, तेव्हा या बिशपांनी आपली बग्गी आणि बिशपपदाची अंगठीदेखील विकून भुकेल्यांना अन्न दिले.

१ ऑगस्ट १७८७ रोजी पगानी येथे ते प्रभुचरणी विलीन झाले. १८३९ साली त्यांना संतपद, तर १८७१ साली ख्रिस्तसभेचे महापंडित हा किताब बहाल झाला. नेपल्सच्या वैभवाचे कौतुक करताना भुकेल्यांसाठी अंगठी विकणाऱ्या या धर्मपित्याचेही स्मरण व्हावे.