ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून सुरू झालेले त्यांचे कार्य मुंबईमार्गे बोर्डी आणि कोसबाड या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) गावांपर्यंत पोचले. बालवाडी चळवळीच्या प्रवर्तक म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. मूल बोलण्यापासून लिहिण्यापर्यंत कसे पोचते, या प्रश्नाचा त्यांनी घेतलेला शोध मात्र तुलनेने कमी अभ्यासला गेला आहे.

पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबईत केळकर कुटुंबात झाला. वडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे असल्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरात विरोध नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. त्या काळातील मराठी स्त्रीच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. ते पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची 'शिक्षणपत्रिका' प्रथम गुजरातीत व नंतर मराठीतही निघू लागली. तिचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले.

आधी कान, मग हात

त्या काळी शिक्षणाचा आरंभ पाटीवर अक्षर गिरवण्याने होई. मुलाला त्या आकाराचा उच्चाराशी संबंध कळला आहे की नाही, बोटांना पेन्सिल धरण्याचे बळ आले आहे की नाही, हे कोणी पाहत नसे. चुकले की छडी बसे. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर आधारलेल्या भावनगरच्या बालमंदिरात हा क्रम उलटा होता. तेथे गप्पा, गोष्टी, गाणी आणि नाट्यखेळ यांतून मूल प्रथम मोकळेपणाने बोलू लागे. गोष्ट ऐकलेले मूल ती दुसऱ्याला सांगू पाहते आणि तेव्हा त्याचे वाक्य लांबते. शब्दाच्या आरंभीचा ध्वनी कानाने ओळखता आला की खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवायचे, सुट्या अक्षरांतून शब्द जुळवायचा. दरम्यान आकृत्यांच्या कडा रेखाटून व त्यांत रेघा भरून हात तयार होत असे. लेखन हे या साऱ्या तयारीचे फळ होते, तिचा आरंभ नव्हे.

ही पद्धत मूळची इटलीची असली तरी मराठीला ती विशेष मानवते, कारण देवनागरीत अक्षराचे नाव आणि उच्चार एकच असतो. अडचण येते ती ऱ्हस्व इकाराशी: तो उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहिताना आधी. अनेक वर्गांत मुले येथेच अडखळतात, आणि आधी कान तयार केलेला असेल तर या अडथळ्यातून ती लवकर सुटतात.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. परंतु शहरातील बालमंदिरे मुख्यतः सुस्थितीतील घरांसाठी होती आणि माँटेसरी साधने महाग होती.

बोर्डी आणि कोसबाड

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. येथे विकतच्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे, पाने आणि माती यांनी घेतली. दलित वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसल्यावर वर्गच वस्तीतील अंगणात भरवण्यात आला. अंगणवाडी ही कल्पना याच प्रयोगातून पुढे आली असे मानले जाते.

१९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले आणि भाषेचा प्रश्न अधिक अवघड झाला. वारली मूल घरी वारली बोली बोलत असे. ती मराठीला जवळची असली तरी पुस्तकातील मराठी नव्हे. शाळेत असे मूल गप्प बसते आणि त्याला मंद ठरवले जाते. मुखेड तालुक्यातील तांड्यांवरून येणारे, घरी बंजारा बोली बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात याच स्थितीत असते, हे मराठवाड्यातील शिक्षकांना ठाऊक आहे. कोसबाडला मुलाचे घर, रान आणि गाणी यांपासून आरंभ करून ते बोलते करण्यावर भर होता. वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटण्याची परंपरा होतीच. ज्याला अशिक्षित म्हटले जाई त्या समाजाचा हात मुळात अडाणी नव्हता.

मोठी मुले गुरे राखत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. म्हणून गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरवली गेली, आणि 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. धाकटे भावंड पाळण्यात ठेवता आले तरच थोरली पाटी हाती धरू शकते, इतके हे साधे गणित होते. सरकारी योजनांना ते उमगायला बराच काळ लागला.

लेखन व सन्मान

'बालकांचा हट्ट' आणि 'बिचारी बालके' ही ताराबाईंची पुस्तके पालकांना उद्देशून आहेत. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालवले.