साने गुरुजी : परभाषेतील कथा मराठीत सांगणारा शिक्षक

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अनुवादित साहित्याचा विषय निघाला की संपर्क सत्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मूळ भाषा येत नसताना त्या भाषेतील श्रेष्ठ कादंबरी मराठीत वाचली, तर ती खरोखर वाचली असे म्हणावे काय? या प्रश्नामागे कुतूहल असते, तसा थोडा संकोचही असतो. दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला वाटत राहते की, आपल्या वाट्याला उष्टे तेवढे आले. मूळ पंगत इतरांसाठीच होती. या प्रश्नाचे उत्तर अनुवादविषयक सिद्धान्तात शोधण्यापूर्वी आपण एका शिक्षकाचे चरित्र पाहणार आहोत.

साने गुरुजींचे नाव तुम्हांला ‘श्यामची आई’मुळे लहानपणापासून परिचित आहे. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’ या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच कादंबरीचे ‘दुःखी’ या नावाने मराठी रूपांतर त्यांनीच केले, हे मात्र तितकेसे लक्षात ठेवले जात नाही. प्रस्तुत घटकात त्यांच्याकडे भाषा शिकणारा आणि भाषेतून शिकविणारा माणूस म्हणून पाहावयाचे आहे.

२. बालपण व शिक्षण

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वडिलांच्या काळात वैभव ओसरले आणि दारिद्र्य आले. दापोली, औंध, पुणे असे करीत त्यांचे शिक्षण झाले. अन्नाची आणि निवाऱ्याची विवंचना त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवली. १९१७ साली आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. ही रुखरुख त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

शिक्षणासाठी घर सोडावे लागणे आणि शिकत असताना घरच्यांच्या दुःखापासून दूर राहावे लागणे, हा अनुभव तुमच्यापैकी काहींना अपरिचित नसेल. गुरुजींच्या बाबतीत त्याचे पर्यवसान एका स्थायी वृत्तीत झाले. जे आपल्याला मिळाले, ते न मिळालेल्यांपर्यंत पोहोचविले पाहिजे, अशी ती वृत्ती होती.

३. अमळनेरचे शिक्षक

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथील तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ पासून तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाची शुश्रूषा करणे, ही कामे ते स्वतः करीत. विद्यार्थ्यांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढीत असत. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, पुस्तकांची ओळख असा मजकूर मुलांना समजेल अशा मराठीत मांडण्याचा हा रोजचा रियाज होता.

अभ्यासक म्हणून येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. पुढे ज्या शैलीला आपण ‘साने गुरुजींची शैली’ म्हणतो, ती लहान वाक्यांची, संबोधनाची, बोलण्याच्या लयीची शैली वर्गात आणि छात्रालयात घडली. समोर कोण बसले आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते गद्य आहे.

४. तुरुंगातील भाषाशाळा

१९३० साली नोकरी सोडून गुरुजी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा इतर प्रांतांतील सत्याग्रहींशी सहवास घडला. एकाच ध्येयासाठी तुरुंगात आलेली माणसे परस्परांची भाषा जाणत नव्हती, याची त्यांना खंत वाटली. त्यांनी तमिळ व बंगाली शिकण्यास आरंभ केला आणि तमिळमधील ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणला.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला. दुसऱ्याचे बोलणे त्याच्या लयीसह कागदावर उतरविणे हीदेखील एक प्रकारची अनुवादसाधनाच होय.

त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत त्यांनी तेथे ‘श्यामची आई’ लिहिले. या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर श्याम सोबत्यांना आठवणी सांगतो आणि सोबती ऐकतात, अशी त्याची रचना आहे. वाचकाला श्रोता मानणारी ही रीत ध्यानात घेतली, की त्यांनी परभाषेतील कादंबरीचे रूपांतर का केले असावे, हे उमगू लागते.

५. ‘ले मिझेराब्ल’ आणि ‘दुःखी’

कादंबरीचा आरंभ थोडक्यात आठवू. बहिणीच्या सात उपाशी मुलांसाठी झाँ वालझाँ पाव चोरतो. पाच वर्षांची शिक्षा होते. पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत जाऊन एकोणीस वर्षे भरतात. सुटल्यावर त्याला कोणी थारा देत नाही. एक बिशप त्याला जेवू घालतो, निजावयास जागा देतो. वालझाँ त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो आणि पकडला जातो. तेव्हा ती भांडी आपणच दिली होती असे बिशप शिपायांना सांगतो आणि वर चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्याही देतो. येथून वालझाँचे दुसरे आयुष्य सुरू होते.

ह्यूगो यांनी ही कादंबरी मायदेशाबाहेर, निर्वासित असताना पूर्ण केली. ती एका राजबंद्याच्या हातून मराठीत यावी, यात एक औचित्य आहे. दुसराही एक दुवा लक्षात घ्या. टॉलस्टॉय यांच्या कलाविषयक ग्रंथाचा अनुवाद गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने केला. माणसामाणसांत प्रेमभाव जागविणाऱ्या उच्च कलेची उदाहरणे देताना टॉलस्टॉय यांनी त्या ग्रंथात ‘ले मिझेराब्ल’चा समावेश केला आहे.

आता शीर्षकाकडे वळू. फ्रेंच ‘मिझेराब्ल’ या शब्दाला दोन पदर आहेत. एक हलाखीत सापडलेला, दयनीय. दुसरा हीन, नीच. दैन्य आणि बदनामी यांना समाज एकाच शब्दात कसा कोंबतो, हा कादंबरीचा गाभाच आहे. इंग्रजी अनुवादकांनी बहुधा मूळ फ्रेंच शीर्षकच कायम ठेवले. गुरुजींनी ‘दुःखी’ हा घरोघरी वापरला जाणारा शब्द निवडला. या निवडीने पहिला पदर उजळला आणि दुसरा झाकला गेला. ‘दुःखी’ म्हटले की कोणाचेही बोट त्या माणसाकडे रोखलेले राहत नाही. मूळ शीर्षकातील तुच्छतेची धार येथे नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. मात्र गुरुजींना वाचकाला जेथे उभे करावयाचे होते, ती जागा या एका शब्दाने निश्चित झाली.

दुसरे उदाहरण सर्वनामांचे. फ्रेंचमध्ये एकेरी आणि आदरार्थी अशी दोन संबोधने आहेत. मराठीतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. आजच्या इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. बिशप या सुटलेल्या कैद्याला आदराने संबोधतो आणि त्या संबोधनानेच कैद्याचा चेहरा उजळतो. एकोणीस वर्षे ज्याला केवळ एक क्रमांक होता, त्याला कोणीतरी ‘तुम्ही’ म्हणते, या गोष्टीचे वजन मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. गावच्या कचेरीत, मालकाच्या ओसरीवर, रुग्णालयाच्या खिडकीशी ते त्याने स्वतः अनुभवलेले असते. अशा ठिकाणी फ्रेंच न येणारा मराठी वाचक मूळ कृतीच्या दूर नसतो. इंग्रजी वाचकापेक्षा तो तिच्या अधिक निकट असू शकतो.

तथापि, ‘दुःखी’ हे रूपांतर आहे, शब्दशः भाषांतर नव्हे. ह्यूगो कथा थांबवून वॉटर्लूच्या लढाईविषयी, पॅरिसच्या भुयारी गटारांविषयी प्रदीर्घ विवेचन करतात. त्या कादंबरीच्या रचनेचा अभ्यास करावयाचा असेल, तर रूपांतर पुरेसे नाही. संपूर्ण अनुवादाकडे जावे लागेल. गुरुजींच्या लेखनात भावनेचा पूर अधिक आहे, हा आक्षेपही मराठी समीक्षेत वारंवार घेतला गेला आहे. तो निराधार नाही. शिक्षकाचा हात धरून आपण उंबरठ्यापर्यंत येतो. पुढील दालने स्वतः पाहावयाची असतात.

६. अखेरची वर्षे

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि ते मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतीयांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपल्या भाषेत आणावे, यासाठी ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी मांडली. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनातही त्यांनी ती पुढे ठेवली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगातील खंत येथे योजनेचे रूप घेताना दिसते. ती योजना साकार झालेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ती घटना महाराष्ट्राला दीर्घकाळ अस्वस्थ करीत राहिली.

७. समारोप

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. रूपांतर वाचणाऱ्याने मूळ कादंबरी वाचली काय? ती पूर्णपणे वाचली, असे म्हणता येणार नाही. परंतु तो उष्ट्याचा धनी ठरतो, हेही खरे नाही. एका शिक्षकाने परभाषेतील कथा त्याच्या ओळखीच्या शब्दांत त्याला सांगितलेली असते. ते शब्द का निवडले, त्यांनी काय दिले आणि काय राखून ठेवले, हे तपासू लागलेला वाचक विद्यार्थी होतो. संकोच सोडून तुम्ही ते तपासावे, एवढ्यासाठीच हे चरित्र तुमच्यापुढे ठेवले आहे.

८. स्वाध्याय

१) ‘दीन’, ‘अभागी’, ‘पतित’ आणि ‘दुःखी’ यांपैकी कोणता शब्द ‘मिझेराब्ल’च्या दोन्ही पदरांच्या अधिक जवळ जातो? आपल्या बोलीतील एखादा शब्दही विचारात घेऊन सकारण लिहा.

२) ‘दुःखी’ मिळवून कैदी आणि त्याला आश्रय देणारा यांच्या भेटीचा प्रसंग वाचा. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोण ‘तुम्ही’, याची नोंद करा.

३) तोच प्रसंग, पुस्तक मिटून, घरातील एखाद्या न वाचणाऱ्या व्यक्तीला सांगा. सांगताना तुम्ही काय गाळले आणि काय बदलले, ते नंतर दहा ओळींत लिहा.